ओगराळंभर पाणी

झाडाला पाणी घालायचं नसतं, वाढायचं असतं, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. त्यांच्या हातात बादली नसे की झारी नसे. ॲल्युमिनियमचं एक भलं मोठं पातेलं आणि लांब दांड्याचं पितळी ओगराळं, पंगतीत आमटी वाढायला घेतात ते, एवढाच त्यांचा सरंजाम. पातेलं काखेत धरून ते रोपांच्या रांगेतून वाकत वाकत पुढे जात, एकेका आळ्यात एक ओगराळं ओतत आणि थांबून विचारत, "वाढू आनखी?" मग खरोखरच उत्तराची वाट बघत. कधी "बास? बरं," म्हणून पुढे सरकत, कधी दुसरं ओगराळं वाढत. रोपानं काय सांगितलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मी तेव्हा नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. रस्ते, गटारं आणि सार्वजनिक संडास ही माझी खरी कामं. बाग माझ्या गळ्यात पडली, कारण ती घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तासगाव मागे टाकून पूर्वेला निघालं की द्राक्षांचे मांडव विरळ होत जातात आणि माळ लागतो, त्या माळाच्या तोंडाशी आमचं गाव. बाग म्हणजे एक लोखंडी फाटक, सिमेंटची चार बाकं, एक लिंबारा, म्हणजे कडुनिंब, क्रोटनच्या रांगा आणि मधोमध कारंजं. कारंज्यातून पाणी उडालेलं मी कधी पाहिलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी उडालं होतं, असं शपथेवर सांगणारी माणसं मात्र गावात होती.

ओगराळ्यानं पाणी वाढणारे ते गृहस्थ या बागेचे राखणदार. लष्करात वीस-एकवीस वर्षं स्वयंपाक करून ते पेन्शनीत निघाले होते. आमच्याकडे लष्करातून परतलेला माणूस घरटी सापडतो, आणि गाव त्याला सुभेदार, हवालदार अशी हुद्द्यानं हाक मारतं. यांना काय म्हणावं हा गावापुढे पेच पडला असणार. पलटणीत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, म्हणून हे लंगरनाना झाले. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, डोक्याला मुंडासं आणि पायात लष्करी बूट. बुटांना नाड्या नव्हत्या. त्या काढून त्यांनी दोन रोपांना आधाराच्या काठ्या बांधल्या होत्या, आणि त्यामुळे नाना चालत यायला लागले की बुटांचा फटक फटक आवाज आधी यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. क्रोटनपाशी मला उभं केलं.

"सायेब, ह्ये झाड काय देतंय?"

"शोभा देतं."

"आनि?"

"आणखी काय देणार? शोभेचं झाड आहे ते."

"म्हंजी आपुन त्येला पानी पाजायचं, आन त्येनं नुसतं हुबं ऱ्हायाचं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आमच्या पलटनीत आसा एक सायेब हुता."

मला राग आला होता हे कबूल करतो. त्या वयात मला राग चटकन येत असे, आणि नाना तो आणण्यात पटाईत होते. पण लगेच त्यांनी "जेवलायसा का?" म्हणून विचारलं आणि कागदात बांधलेली भाकरी पुढे केली. भांडणाच्या ऐन मध्यावर जेवणाची चौकशी करायची त्यांना सवय होती. समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

'शोभा' हा शब्द ते शिवीसारखा वापरत. कुणी नुसताच कपडे घालून मिरवणारा दिसला की म्हणत, "शोभा चालली बगा." झाडाचं खरं नाव ते सहसा घेत नसत. शेवगा म्हणजे आमटी, चिंच म्हणजे सार, कवठ म्हणजे चटणी. "सायेब, चटणीला मुंग्या लागल्यात," असा निरोप शिपायाबरोबर कचेरीत यायचा आणि सगळी कचेरी माझ्या डब्याकडे बघायची.

क्रोटन काढून सगळ्या बागेत खाण्याची झाडं लावायची, जो येईल त्यानं तोडून खायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही, हा त्यांचा बेत. त्यांनी तो मला कारंज्याच्या कोरड्या हौदात काडीनं रेघा ओढून समजावला. मागच्या ओळीत चिंच, कवठ, जांभूळ, म्हणजे उंच गडी. त्यांच्या पुढे शेवगा, पेरू, सीताफळ. त्यापुढे लिंबू, कढीपत्ता. पायाशी जिथं सांडपाणी वाहील तिथं अळू, आणि कुंपणाच्या गजांवर भोपळा. "पंगत आसती तशी," ते म्हणाले. "एकाच्या ताटात दुसऱ्याची सावली पडाया नगं." नगरपालिकेच्या नियमात सार्वजनिक बागेत फक्त शोभेची झाडं बसत होती. तरी क्रोटनच्या आडून त्यांनी रोपं लावायला सुरुवात केली, आणि मी रजिस्टरात भोपळा 'शोभेचा वेल, पिवळी फुले' असा नोंदवला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि क्रोटनचा प्रश्न परस्पर सुटला. शेवटचा क्रोटन वाळला तेव्हा नानांनी रीत म्हणून मुंडासं काढलं, पण चेहऱ्यावर दुःख काही दिसलं नाही. त्यांच्या रोपांचीही गत बरी नव्हती. प्यायला पाणी नव्हतं तिथं झाडाला कोण घालणार? स्टँडसमोरच्या दोन हॉटेलांत कपबशा विसळलेलं पाणी ते पातेल्यात भरून आणत, त्यात चौदा रोपं कशीबशी जगत. काठ्या लोक जळणाला नेत, पाला शेळ्या खात. "सार्वजनिक" या शब्दाचा अर्थ आमच्याकडे 'आपलं नसलेलं' असाच होता. चौदाची पंधरा काही होईनात.

पंधरावं रोप माझ्यामुळे लागलं.

माझी आई कोरेगाव तालुक्यातली, अगदी कृष्णाकाठची. नोकरीसाठी मी तिला या माळावर आणलं, आणि गावाला नदी नाही हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. "नदी न्हाई तर ही मानसं तोंड कुठं धुत्यात?" असं ती माझ्या बायकोला विचारत असे. तिचा जीव दोनच गोष्टींत, नदी आणि सीताफळ. सीताफळाच्या बिया ती एका डब्यात साठवून ठेवायची. त्या कुटून लावल्या की उवा जातात म्हणून ते औषध, असं ती सांगायची. घरात कुणाला उवा झालेल्या मला आठवत नाहीत, डबा मात्र भरलेला असे. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटचे दोन दिवस ती कृष्णेचं पाणी मागत होती आणि मी तिला टँकरचं पाजत होतो.

तिसऱ्या दिवशी रक्षा गोळा केली. ओढा ठणठणीत कोरडा, तिथं ती सोडायची कशात? ती कृष्णेलाच न्यायची होती, पण मी दुष्काळी कामांवर, आणि सगळ्यांच्या रजा बंद. रक्षा घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात. गावात पानं असलेलं झाड उरलं होतं ते बागेतला लिंबारा. त्याच्या फांदीला मी ते फडक्यातलं गाठोडं बांधलं.

चौथ्या दिवशी नानांनी मला फाटकातच गाठलं.

"सायेब, लिंबाऱ्याला काय टांगलंय?"

"आईची रक्षा आहे. रजा मिळाली की कृष्णेला नेणार आहे."

"कवा मिळंल?"

"माहीत नाही."

ते गाठोड्याखाली जाऊन उभे राहिले. मग त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. "आईला आसं टांगून ठिवू नगं, लेकरा. खाली घे."

त्यांनीच खड्डा काढला. मी घरी जाऊन आईच्या डब्यातल्या बिया आणल्या. रक्षा मातीत घातली, वर चार बिया पुरल्या. नानांनी ओगराळं भरलं आणि म्हणाले, "रोज वाढीन म्हातारीला. आपला सबूद हाय." मी रडलो. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही, भाकरी दिली.

आणि दहाव्याला कावळा शिवला नाही.

सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही कोरड्या ओढ्यात पिंड मांडून उभे होतो. "तुझं सगळं करीन, मागं काही ठेवणार नाही," असं मी मोठ्यानं बोललो. बायको बोलली, मामा बोलले. आभाळात कावळ्याचा पत्ता नव्हता. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि विधी उरकला. परतताना मामा म्हणाले, "ताईला कृष्णेला न्यायची सोडून मातीत पुरलीस. कावळा शिवंल कशाला?"

मी तडक बागेत गेलो आणि नानांवर ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी पातेलं काखेत धरून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, मानसं गाव सोडाय लागल्यात, कावळ्यानं कशाला ऱ्हावं? त्येला बी पोट हाय." बोलणं बरोबर होतं. त्या वर्षी कुणाच्याच पिंडाला कावळा वेळेवर येत नव्हता. पण आई माझी होती. ती अतृप्त गेली आणि ते माझ्यामुळे, हा काटा मनात रुतला तो रुतलाच.

त्यानंतर जे घडलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ओव्हरसियरसाहेबानं स्वतःच्या आईची रक्षा बागेत पुरली, म्हणजे ते कायदेशीरच असणार, असा लोकांनी अर्थ काढला. सांगलीला कृष्णेवर जायला सवड आणि साधन कुणाकडे होतं? लोक गाठोडी घेऊन बागेत यायला लागले. नाना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "म्हाताऱ्याला खायाला काय आवडायचं?" आणि त्याप्रमाणे रोप लावायचे. एका आजोबांना चहाशिवाय काही गोड लागत नसे. त्यांच्या जागी गवती चहा लागला. नगराध्यक्षांचे वडील गेले, त्यांना मटणाशिवाय घास उतरत नसे. तिथं नाना अर्धा दिवस विचारात पडले. शेवटी म्हणाले, "लिंबू लावतो. रश्श्यावर पिळाया."

आणि काय सांगू, ज्यांनी सार्वजनिक झाडाला चूळ भरलेलं पाणी कधी घातलं नाही, ते लोक रोज सकाळी तांब्या घेऊन रांगेनं यायला लागले. घरात प्यायचं पाणी मोजून, पण बापाला तांब्याभर ठेवलेलं. एक बाई झाडाला पाणी घालता घालता मेलेल्या सासूशी भांडायची, पण पाणी घालायची. चौदाची पन्नासच्या वर झाडं झाली. एकही मेलं नाही. नाना फिरत फिरत कुणाचं आळं कोरडं दिसलं तर ओगराळंभर वाढत आणि सांगत, "तुजा पोरगा आज इसारला वाटतं. यील उद्या."

पाऊस आला, वर्षं गेली, बाग वाढली. पपया लगडल्या, पेरू पिवळे झाले, शेवग्याला शेंगा लोंबल्या. आणि कुणी एक फळ तोडीना.

यात नानांचं काय चुकलं ते मला तेव्हा कळलं, त्यांना बहुतेक कधीच कळलं नाही. पेरू हा त्यांच्या लेखी पेरूच होता. गावाच्या लेखी तो कुणाचा तरी चुलता होता. आयांनी मुलांना बागेकडे फिरकायची बंदी केली. नाना टोपली भरून बाजारात फुकट वाटायला बसले.

"कुनाच्या झाडाचं वो?" एका बाईनं पेरू हातात घेऊन विचारलं.

"ह्यो व्हय? तालमीजवळच्या तात्याचा. लय ग्वाड निगालाय तात्या, खाऊन तरी बग."

बाईनं पेरू टाकला आणि पदर सावरत पळाली. नाना मला सांगत आले, "सायेब, जित्ता हुता तवा तात्याला कुनी ग्वाड म्हनलं नव्हतं. आता म्हनलं तर ही तऱ्हा."

मी हसलो खरा, पण मी तरी काय वेगळा होतो? आईच्या चार बियांतलं एक रोप टिकलं होतं, त्याला तिसऱ्या वर्षी फळ धरलं. नानांनी पहिलं सीताफळ आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते फायलींच्या कपाटावर ठेवलं. तिथंच ते मऊ पडलं, काळं झालं, आणि शिपायानं उचलून टाकलं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. जिनं मला पाणी मागितलं आणि जिला मी ते दिलं नाही, तिच्या झाडाचं फळ माझ्या घशाखाली कसं उतरणार? नाना कपाटाकडे फक्त बघत.

फळं सडायला लागली, माश्या झाल्या, तक्रारी झाल्या. 'बाग आहे की स्मशान?' अशा मथळ्याचा अर्ज आला. सभेत ठराव मांडला गेला: दिवाळीनंतर झाडं काढून हिरवळ करावी आणि कारंजं दुरुस्त करावं. अध्यक्ष मला म्हणाले, "मला बी वाईट वाटतंय, आमचं आबा तितंच हायती. पर कुनी खाईत न्हाई, कुनी बसत न्हाई. कशासाठी ठिवायची?" झाडं तोडायची नोटीस टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं.

ती घेऊन मी बागेत गेलो. नाना अळूच्या पानांवरची कीड वेचत होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी हातातली कीड चिरडली आणि अचानक पलटणीतली गोष्ट सांगायला लागले. एरवी ते लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत.

"काश्मीरच्या वरल्या अंगाला आमी अडकलो हुतो. रसद तुटली. पातेल्यात टाकाया कायबी न्हाई, आन मी लंगरवाला. बावीस जवान माज्या तोंडाकडं बगत्यात. खाली एक गाव हुतं, समदं ओस. पर जरदाळूची झाडं हुती, पिकून लाल झाल्याली. तीन दिस त्येच शिजवून वाढलं. त्येच्यावर बावीस जन वाचलं." त्यांनी अळूचं एक पान उलटून बघितलं. "लावनारं कोन हुतं, ठावं न्हाई. मेलं आसंल. सायेब, मेल्याल्या मानसाचंच खाऊन मी तुमच्यासमोर बसलोय. त्यात कसलं आलंय भ्या?"

मग उठून म्हणाले, "दिवाळीला आवकाश हाय. बगू."

त्या दिवसापासून त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. बागेतली फळं तोडणं, पडलेली उचलणं, सगळं बंद केलं. पपई झाडावर फुटली तरी हात लावला नाही. पितृपंधरवडा चालू झाला होता. मी म्हटलं, म्हातारा खचला.

सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी दरवर्षीप्रमाणे पान वाढून गच्चीवर ठेवलं. मी हात जोडून "काव, काव" करत उभा राहिलो. कावळा नाही. शेजारच्या गच्चीवर शेजारी तसाच उभा. त्याच्या पलीकडे आणखी एक. दुपारचा एक वाजला, सगळं गाव कौलांवर आणि पत्र्यांवर चढून आभाळाकडे बघत ओरडत होतं, आणि गावात कावळा म्हणून नव्हता. मला तो कोरडा ओढा आठवला.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "आवं, हितं काय वराडताय? समदी कावळं बागंत हायती!"

हातात पान घेऊन लोक निघाले. मीही निघालो. फाटकातून आत बघतो तर झाडं काळी झाली होती. पपईवर कावळे, पेरूवर कावळे, पंधरा दिवसांचं पिकलेलं फळ आणि त्यावर गावभरचे कावळे तुटून पडलेले. आणि कारंज्याच्या कोरड्या हौदात तीन दगडांवर दोन पातेली रटरटत होती. एकात अळूची भाजी, दुसऱ्यात भोपळ्याची, दोन्ही बागेतल्याच. शेजारी भाकऱ्यांची चळत. नाना ओगराळं हातात धरून उभे होते, आणि त्या दिवशी त्यांच्या बुटांना नाड्या होत्या.

"या," ते म्हणाले. "तुमची मानसं आदीच जेवाय बसल्यात."

कुणी पुढे होईना. नानांनी आवाज चढवला. "दरसाली काय करताय? कावळा घास घेतो, म्हंजी बापानं घेतला. मग घरातली जेवत्यात. बगा की वर. तात्या जेवला. शेवंता जेवली. त्येंच्या झाडाचं त्येंनी आदी खाल्लंय. आता उरल्यालं टाकून देनार व्हय?"

अध्यक्ष पान हातात घेऊन घुटमळत होते. "नाना, आमच्या आबाचं लिंबू हाय. कावळा लिंबू खातोय व्हय?"

"नुसतं लिंबू कोन खाईल? ह्या अळूत पिळलंय." नानांनी एका मोठ्या पानाकडे बोट दाखवलं. त्यावर वाढलेली भाजी दोन कावळे मन लावून खात होते. "आबा कवाच्यान् जेवाय लागल्यात."

लोक हसले, पण पाय कुणाचा उचलेना. मी मनात म्हटलं, झालं, इथंच सगळं संपलं. तेव्हा मागून एक म्हातारी पुढे आली. शेवग्याच्या झाडाखाली जे होते त्यांची ती बायको. तिनं झाडाकडे बघितलं, शेंड्यावर कावळा बसला होता. ती नानांसमोर मांडी घालून बसली.

"आमचं म्हातारं कदी मला आदी जेवू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "बायकूनं मागनं जेवायचं, म्हनायचं. झालं न्हवं त्येंचं आज? वाढा आता मला."

नानांनी वाढलं. तिनं घास घेतला, चावला, गिळला. सगळं गाव तिच्या जबड्याकडे बघत होतं. "मीठ कमी हाय," ती म्हणाली.

मग अध्यक्ष बसले. मग जागा पुरेना. पोरं पेरूच्या झाडावर चढली आणि त्यांच्या आया खालून ओरडायला लागल्या, पण ते 'पडशील रं' म्हणून, दुसरं काही म्हणून नाही. ती नोटीस माझ्या खिशात होती. पुढे ती कुणी मागितली नाही, मीही दिली नाही. ती झाडं नंतर कित्येक वर्षं त्या गावाला खाऊ घालत होती.

मी मात्र त्या पंगतीत नव्हतो. लिंबाऱ्याजवळच्या सीताफळापाशी जाऊन उभा होतो. सगळ्या बागेत कावळे होते, आईच्या झाडावर एकही नव्हता. हिरवी फळं होती, एक पिकून उकललेलं होतं, पांढरा गर दिसत होता. मी हात जोडले. म्हणालो, "आई, मी तुला टँकरचं पाणी दिलं."

जांभळावरून एक कावळा उतरला. फांदीवर बसला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, आणि त्या उकललेल्या फळात चोच घातली.

ते फळ आपोआप उकललं होतं की सकाळी कुणी अंगठ्यानं उकलून ठेवलं होतं, हे मी नानांना कधी विचारलं नाही. ते जाईपर्यंत विचारलं नाही, आणि आता विचारायचीही इच्छा नाही. अर्धं खाऊन कावळा उडाला. उरलेलं अर्धं मी तोडलं आणि तोंडात घातलं. ते इतकं गोड होतं की मला हुंदका आवरेना. बी थुंकायला मी मान वळवली, तर नाड्या बांधलेले बूट पायाशी येऊन थांबले होते.

"थुकू नगा सायेब," नाना म्हणाले. "हिकडं द्या." आणि त्यांनी रिकामं ओगराळं माझ्या तोंडाशी धरलं.